सांधे कोण लावतं?

माझे वडील रेल्वेत लिव्हरमन होते. कसाऱ्याच्या बाजूला एका लहान स्टेशनच्या टोकाला त्यांची कॅबिन होती. लोखंडी जिना, वर तिन्ही बाजूंना काचा आणि मधोमध माणसाच्या छातीएवढे उंच लिव्हर ओळीने उभे. तांबडे सिग्नलचे, काळे सांध्यांचे, निळे लॉकचे. सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते ती जागा. अण्णा लिव्हर उघड्या हाताने कधी धरत नसत. खांद्यावरचं फडकं मुठीवर टाकायचे आणि मगच ओढायचे. घाम लागला की मूठ गंजते, म्हणून. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचे आणि कोपऱ्यात स्टुलावर बसून राहायचे. एकदा हट्टाने तांबड्या लिव्हरला लटकले. तो जागचा हलला नाही. अण्णा म्हणाले, "तुझ्या ताकदीचा प्रश्न नाही गं. मी ओढला तरी यायचा नाही. आधी सांधा लागला पाहिजे, मग त्याला कुलूप बसलं पाहिजे, तेव्हा कुठे सिग्नल पडतो."

गेली २२ वर्षं मी नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन शिकवते. मुलं त्याला 'सीओए' म्हणतात. प्रोसेसर आतून कसा असतो, सूचना कशी वाचतो, बेरीज कुठे होते, उत्तर कुठे जातं, हा तो विषय. त्याचा त्या कॅबिनशी काही संबंध आहे हे मला विद्यार्थिदशेत एकदाही सुचलं नाही. सुचलं असतं तर माझी किती वर्षं वाचली असती.

१९९७ साली मी हा विषय शिकले, म्हणजे पाठ केला. फळ्यावर आकृती यायची: चौकोन, चौकोनांना जोडणाऱ्या रेघा आणि वर एक लंबगोल. त्यात लिहिलेलं 'कंट्रोल युनिट'. लंबगोलातून तुटक रेघा निघून प्रत्येक चौकोनाला टोचलेल्या. सगळं त्या लंबगोलाच्या हुकमाने चालतं, असं सर सांगायचे. पण त्या लंबगोलाला कोण सांगतं? हा प्रश्न मला पडला होता आणि मी विचारला नाही. वर्गात ७० जण होते, पोर्शन संपायचा होता, आणि परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' एवढंच यायचं. हार्डवायर्ड आणि मायक्रोप्रोग्रॅम्ड कंट्रोलमधले सहा फरक मला आजही झोपेत विचारले तरी सांगता येतील. मार्क चांगले पडले. कळलेलं काहीच नव्हतं.

प्रॅक्टिकलला मात्र ८०८५चं किट होतं, आणि त्या किटचं ऋण मी मानते. हिरवी पाटी, त्यावर कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि सहा लाल आकडे. ८०८५ हा इंटेलचा १९७६चा प्रोसेसर, आत साडेसहा हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर. (२०२३ साली आलेल्या आयफोनमधल्या ए१७ प्रो चिपमध्ये १९०० कोटी आहेत.) पाच आणि सातची बेरीज करायला आम्ही एकेक बाइट बोटाने दाबून भरायचो: ३ई ०५, ०६ ०७, ८०, ३२ ५० २०, ७६. म्हणजे ए रजिस्टरमध्ये (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतली आकडा ठेवायची जागा) पाच ठेव, बीमध्ये सात ठेव, बेरीज कर, उत्तर २०५० नंबरच्या जागेत ठेव, थांब. मग २०५० उघडून बघायचं. तिथे लाल अक्षरांत ०सी उमटायचं. किटच्या सोळाच्या मोजणीत सी म्हणजे बारा. मध्येच वीज गेली की सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून बोटं चालवायची. तरी त्या ०सीकडे बघताना अंगावर काटा यायचा. ८० हा आकडा आत गेला आणि बेरीज झाली. ८१ गेला असता तर दुसऱ्याच रजिस्टरची झाली असती. आकड्याला हे बळ आलं कुठून?

मी शिकवायला लागले तेव्हा पहिली काही वर्षं तोच लंबगोल आणि त्याच तुटक रेघा फळ्यावर काढत राहिले. मग एका वर्षी शेवटून दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. दिघ्याहून येणारी, फारशी न बोलणारी. "मॅडम, पण कंट्रोल युनिटला कसं कळतं, कुठली लाइन चालू करायची ते?"

मी तिला उत्तर दिलं ते पुस्तकातलं. ते बरोबर होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

त्या संध्याकाळी ऐरोलीहून ठाण्याच्या गाडीत खिडकीशी बसले होते. कळव्याच्या खाडीजवळ आपली लाइन मोठ्या लाइनींच्या बाजूला येते, तिथे गाडी नेहमीसारखी सांध्यांवरून खडखडली, डबा एकदा डावीकडे कलला, एकदा उजवीकडे. रोजचा तो आवाज. त्या दिवशी मात्र मला अण्णांचा काळा लिव्हर दिसला. प्रोसेसरच्या आकृतीत जिथे दोन वाटा एकत्र येतात आणि त्यातली एकच पुढे सोडायची असते, तिथे मल्टिप्लेक्सर असतो. मल्टिप्लेक्सर म्हणजे दुसरं काही नाही, सांधा. बेरीज करणाऱ्या भागात दुसरी संख्या रजिस्टरमधून यावी की सूचनेतूनच यावी? सांधा. उत्तर बेरजेतून घ्यायचं की मेमरीतून? सांधा. रजिस्टरमध्ये लिहायचं की नाही? सिग्नल. आणि तो लंबगोल म्हणजे कॅबिन.

घरी आल्यावर जेवताना मी अण्णांना सांगितलं. ते निवृत्त होऊन नौपाड्यात आमच्याकडे राहायला आले होते. ताटाशेजारी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मी आकृती काढली. त्यांनी चष्मा लावला, बोट एकेका वाटेवरून फिरवलं. यार्ड वाचायची सवय असलेला माणूस. त्यांना ती आकृती माझ्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा लवकर कळली.

"बरं. आणि कॅबिनमध्ये कोण?"

"कोणी नाही, अण्णा."

"मग लिव्हर कोण ओढतं?"

तोच प्रश्न. मुलीचा, माझा आणि आता त्यांचा. त्यांना उत्तर देताना मला ते पहिल्यांदा खरोखर कळलं. सूचना हा आकडाच असतो, आणि त्या आकड्याचे बिट, म्हणजे त्यातले शून्य आणि एक, हेच लिव्हर ओढणारे हात. एखादी गाडी येते, तिच्या कपाळावरच्या पाटीत कुठला सांधा कसा लागायला हवा ते लिहिलेलं असतं, आणि त्या पाटीला जोडलेल्या तारांनीच सांधे लागतात. पाटीवर ८० असेल तर अमुक चार तारा ताणल्या जातात, ३२ असेल तर वेगळ्या. मधे कुणी वाचणारा नाही, समजणारा नाही. फक्त अँड, ऑर आणि नॉटच्या दारांची, म्हणजे गेटांची, एक जाळी, गाडी यायच्या कितीतरी आधी कुणीतरी बसवून ठेवलेली.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे कॅबिनच्या खालचं इंटरलॉकिंगच. वरचा माणूस नाही." लिव्हरच्या पायाशी, जमिनीखाली, पोलादी पट्ट्या आणि खाचा असतात. एक लिव्हर ओढला की त्याची पट्टी सरकते आणि दुसऱ्याच्या खाचेत अडकते किंवा मोकळी होते. मला लहानपणी जो तांबडा लिव्हर हलला नव्हता तो त्या पट्ट्यांमुळे. 'हा लागला असेल आणि तो लागला नसेल तरच' हे लोखंडात कोरून ठेवलेलं. मी ज्याला लॉजिक म्हणून शिकवते ते अण्णांनी तीस वर्षं फडक्याने धरून ओढलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर यार्ड काढलं.

कंट्रोलची ही जाळी दुसऱ्या पद्धतीनेही बांधता येते, आणि तो इतिहास मला फार आवडतो. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९५१ साली मांडलं की गुंतागुंतीची जाळी विणण्यापेक्षा कुठल्या पायरीला कुठले लिव्हर ओढायचे याची यादीच एका छोट्या मेमरीत लिहून ठेवावी. प्रत्येक सूचनेसाठी एक छोटी वही. हेच मायक्रोप्रोग्रॅमिंग. त्याचे सहा फरक पाठ करताना मला कुणी सांगितलं नव्हतं की यामागे एका माणसाची वैतागातून आलेली सुंदर कल्पना आहे. पुढे १९८०च्या दशकात बर्कलीत पॅटरसन आणि स्टॅनफर्डमध्ये हेनेसी उलट बाजूने आले: सूचनाच इतक्या साध्या करा की वहीची गरज पडू नये. त्या दोघांना २०१७चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. दोन्ही बाजूंची माणसं एकाच प्रश्नाशी झगडत होती, सांधे कोण लावणार?

आणि हे सगळं दूर कुठेतरी घडतं असंही नाही. इथून दीड तासावर, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा संगणक उभा राहिला, १९६० साली. ४० बिटांचा शब्द, २०४८ शब्दांची मेमरी आणि २७००च्या आसपास व्हॅक्यूम ट्यूब. आमच्या मुंबईत माणसांनी प्रत्येक दार, प्रत्येक सांधा हाताने जोडून संगणक बांधला होता. हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगते. मुलांना ते कुठेच वाचायला मिळालेलं नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या विषयात मुलं जिथे अडखळतात तिथे मला हळूहळू एक गोष्ट जाणवली. अडचण बऱ्याचदा विषयाची नसतेच. किटवर मघाचे बाइट भरताना २०५० हा पत्ता ५० २० असा उलटा भरावा लागतो. आधी खालचा भाग, मग वरचा. मराठी शाळेतून आलेला एक मुलगा यावर हटून बसला होता, "मॅडम, हे उलटं का?" मी त्याला विचारलं, वीस आणि पाच मिळून काय? "पंचवीस." आधी काय म्हणालास? तो थांबला. पाच. पंच-वीस, बेचा-ळीस, सत्ता-वन्न. आपण जन्मापासून एकक आधी बोलतो. बेरीजही एककापासूनच सुरू करतो, हातचा वर न्यायचा असतो म्हणून. ८०८५ तेच करतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. लहान मुलांना सोपं जावं हा त्यामागचा हेतू मला पटतो. पण पंचवीस या शब्दात जे गणित बसलेलं आहे ते माझ्या वर्गाला उपयोगी पडतं, म्हणून तो शब्द मला हवाच आहे.

बूथचा गुणाकारही तसाच. परीक्षेत तो हमखास येतो, आणि मुलं त्याचं कोष्टक एखाद्या स्तोत्रासारखं भरतात: बेरीज, वजाबाकी, सरकवा, सरकवा. कशासाठी, ते माहीत नाही. अँड्र्यू बूथ लंडनच्या बर्कबेक कॉलेजात स्फटिकांच्या रचनेवर काम करायचे, ढिगाने गुणाकार करायला लागायचे, आणि त्यांच्या गणकयंत्रावर आकडे सरकवणं बेरजेपेक्षा लवकर व्हायचं. त्यातून १९५०च्या सुमारास ही युक्ती निघाली. सलग एक एक एक आले की तितक्या बेरजा करत बसायचं नाही. ०१११ म्हणजे सात, तो १०००मधून, म्हणजे आठातून, एक वजा केला की येतो. एक वजाबाकी, एक बेरीज, मधलं नुसतं सरकवणं. मी वर्गात विचारते, एकोणतीस रुपये डझनची आठ डझन केळी, किती झाले? क्षणात उत्तर येतं, २३२. कसं केलंत? तीस आठे दोनशे चाळीस, त्यातून आठ गेले. एकोणतीस हा शब्दच ती रीत सांगतो: एक ऊन तीस, तिसाला एक कमी. एकोणीस, एकोणपन्नास, पावणेदोन, सगळ्यांत तीच चाल. बूथ हा आपल्याकडे प्रत्येक वाण्याच्या तोंडी आहे, असं म्हटल्यावर वर्ग कोष्टकाकडे वेगळ्या नजरेने बघतो. त्यानंतर ते कुणी पाठ करत नाही.

पाइपलाइन मात्र मी अण्णांकडूनच शिकले. एक सूचना पूर्ण व्हायला पाच पायऱ्या: मेमरीतून आणायची, ओळखायची, बेरीज-वजाबाकी करायची, लागलं तर मेमरीत जायचं, उत्तर रजिस्टरमध्ये लिहायचं. पाचही पायऱ्यांवर एका वेळी पाच वेगळ्या सूचना. मुलांना वाटतं यामुळे प्रत्येक सूचना लवकर होते. तसं नाही. अण्णा म्हणाले, "ठाण्याहून सीएसएमटी ३४ किलोमीटर. एक गाडी पोहोचेपर्यंत दुसरी सोडायचीच नाही म्हटलं तर तासाला एक धीमी जाईल. सिग्नल लावून तुकडे केले म्हणून चार-चार मिनिटांनी जाते. पण तुला पोहोचायला लागायचा तो तास लागतोच ना?" अख्ख्या मुंबईला रोज अंगावर घ्यावा लागणारा हा फरक. प्रवासाचा वेळ निराळा आणि तासाला किती गाड्या सुटल्या हे निराळं. इतका नेमका दाखला मला दुसरा मिळालेला नाही.

पण 'जर' आलं की अण्णांना माझं पटेना. 'जर हे शून्य असेल तर तिकडे जा' अशी सूचना असते, आणि ती कुठे वळणार हे पुढच्या पायरीवर कळतं. तोवर थांबायचं म्हटलं तर लाइन रिकामी राहते. म्हणून प्रोसेसर अंदाज बांधतो आणि मागच्या गाड्या त्या दिशेने सोडून देतो. अंदाज चुकला तर त्या पुसून टाकतो.

"सुटलेली गाडी पुसून टाकता?" अण्णा ताठ बसले. "आणि मागे काही राहत नाही?"

राहत नाही, असं मी म्हणाले. पुस्तकात तसंच होतं. मग जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले. पुसलेल्या सूचनांचं उत्तर पुसलं जात होतं, पण त्यांनी जाता जाता मेमरीतून जे कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या मेमरीत, ओढून आणलं ते तिथेच राहत होतं. कुठली गोष्ट पटकन मिळते आणि कुठली उशिरा, एवढं मोजून दुसऱ्याचं गुपित काढता येत होतं. वर्षानुवर्षं जगभरच्या प्रोसेसरांत हे होतं. मी बातमी सांगितली तेव्हा अण्णांनी मान हलवली. "गाडी कुठल्या लाइनवरून गेली ते रूळ सांगतो. वापरात असतो तो चकाकतो, नसतो तो गंजतो." तेव्हापासून तो भाग शिकवताना मी आधी चकाकणारा रूळ सांगते, मग कॅश.

काही वर्षांपूर्वी मी प्रॅक्टिकलला रिस्क-फाइव्ह आणलं. बर्कलीत २०१०मध्ये सुरू झालेली, कुणालाही मोफत वापरता येणारी सूचनांची रचना. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे भारतीय प्रोसेसर तिच्यावरच उभे आहेत. मुलं लॉजिसिम या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक दार, एकेक सांधा ओढून स्वतःचा छोटा प्रोसेसर बांधतात. सिलॅबस त्यासाठी वेळ देत नाही, शनिवार द्यावे लागतात. पण बांधल्याशिवाय हा विषय कळत नाही, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

गेल्या वर्षी एका जोडीचा प्रोसेसर सगळ्या बेरजा बरोबर करायचा आणि मध्येच बिघडायचा. तीन संख्या मेमरीत ठेवल्या की आठ नंबरचं रजिस्टर, ज्यात त्यांचा मोजणीचा आकडा होता, ते आपोआप भलतंच काही दाखवायला लागे. दोन तास गेले. लॅबचा शिपाई दोनदा डोकावून गेला. प्रोसेसर आतल्या घड्याळाच्या ठोक्यांवर पुढे सरकतो. शेवटी त्यातल्या मुलीने एकेक ठोका हाताने देत तारा बघायला सुरुवात केली. लॉजिसिममध्ये चालू तार उजळ हिरवी होते, बंद तार गडद. मेमरीत ठेवायची सूचना आली, आणि रजिस्टरमध्ये लिहायची तार उजळ झाली. व्हायला नको होती. ठेवण्याच्या सूचनेत रजिस्टरमध्ये काही लिहायचंच नसतं. त्यामुळे ज्या पाच बिटांत एरवी 'कुठल्या रजिस्टरमध्ये लिहू' ते असतं, तिथे इथे अंतराचा आकडा बसवलेला असतो. त्यांची पहिली संख्या शून्य अंतरावर ठेवली जायची, म्हणजे चुकीचं लिखाण शून्य नंबरच्या रजिस्टरमध्ये जायचं, आणि ते रजिस्टर काहीही लिहिलं तरी शून्यच राहतं. दुसरी चारवर, आणि चार नंबरचं रजिस्टर ती वापरतच नव्हती. तिसरी आठवर. म्हणून आठ बिघडायचं. चूक पहिल्या सूचनेपासून होती, तिसऱ्या वेळी दिसली.

तिने एक तार तोडली आणि आकडे बरोबर आले. रबाळ्याहून शेवटून दुसरी गाडी मिळाली तिला.

घरी सांगितलं तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "लिव्हर नॉर्मलला टाकायचा राहिला." आणि मग थोड्या वेळाने, "मला दाखवशील?"

त्यांची कॅबिन बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्या स्टेशनात आता इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग आहे, म्हणजे एका खोलीतले प्रोसेसर. अशा काही यंत्रणांत तीन प्रोसेसर तेच गणित स्वतंत्रपणे करतात आणि निदान दोघांचं एकमत झालं तरच सिग्नल पडतो. मी हे त्यांना सांगायला कचरत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिघं? चांगलं आहे. मी एकटाच असायचो."

कॉलेजच्या प्रोजेक्ट प्रदर्शनाला मी त्यांना घेऊन गेले. ८१ वर्षांचं वय, हातात काठी, ठाण्याच्या पुलावरून हळूहळू नऊ नंबरला उतरलो. लॅबमध्ये ती मुलगी उभी होती. तिने स्क्रीनवर प्रोसेसर उघडला, अण्णांना खुर्ची दिली आणि घड्याळ सुरू केलं. तारा भराभर लुकलुकायला लागल्या.

"हळू कर, बाळा. इतक्या जोरात नाही दिसत."

तिने घड्याळ बंद केलं. आता एक बटण दाबलं की एक ठोका. मेमरीतून आणण्याची सूचना आली. डावीकडून एक तार उजळली, मग दुसरी. अण्णा पुढे वाकले. त्यांचा उजवा हात खांद्याकडे गेला, जिथे फडकं असायचं, आणि परत खाली आला. स्क्रीनवर बोट ठेवून त्यांनी बेरजेच्या चौकोनापासून मेमरीपर्यंत आणि तिथून शेवटच्या सांध्यापर्यंत वाट तपासली. तिथे लिहायच्या तारेवर बोट थांबलं. ती उजळ होती, आणि या वेळी ती तशीच असायला हवी होती.

"लागला सांधा," ते तिला म्हणाले. "सोड."

तिने बटण दाबलं.